जुट्यावरचं घरटं

१

घरटं उकरलेलं होतं.

चौदा मे, सकाळचे सात. महाडमध्ये गावासमोर सावित्रीच्या पात्रात गाळ साचून बेट झालं आहे, त्याला आम्ही जुटा म्हणतो. त्या जुट्याच्या टोकाला, बांबूच्या कुंपणाच्या आत काल दुपारपर्यंत मगरीचं घरटं होतं. आता तिथे हातभर खोल खड्डा होता, कडेला टरफलांचे पांढरे तुकडे होते आणि वाळूवर पिवळाधमक बलक सांडला होता. मुंग्या लागल्या होत्या.

"गेलं सगळं," काशीराम सर म्हणाले आणि मटकन खाली बसले. "दीप्ती, सव्वीस जीव होते गं. पंधरा दिवसांत बाहेर आले असते."

सरांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी मला नववीत जीवशास्त्र शिकवलं. त्यांच्यामुळेच मी पुढे त्याच शाळेत तोच विषय शिकवायला लागले, आणि बारा वर्षांपूर्वी त्यांनी सावित्री काठ मंडळ काढलं तेव्हा पहिली सभासद मी झाले. मंडळाची चिटणीसही मीच. नदीतल्या मगरी मोजायच्या, घरटी शोधायची आणि लोकांची बोलणी खायची, हे आमचं काम. यातलं तिसरं काम बहुतेक माझ्याच वाट्याला यायचं.

यंदा बोलणी जास्तच होती. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात अर्धं महाड छपरापर्यंत बुडालं. जुटा काढला तर पाणी मोकळं वाहील, म्हणून गाव हट्टाला पेटलं होतं. एप्रिलमध्ये पोकलेन नदीत उतरलंसुद्धा, आणि त्याच आठवड्यात सरांना जुट्यावर घरटं सापडलं. घरटं नैसर्गिक आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही, असं प्रतिज्ञापत्र मंडळातर्फे मी सही करून दिलं. काम थांबलं. गाव माझ्या अंगावर धावून आलं तेव्हा मी सभेत उभी राहून म्हणाले, "माझे बाबा त्या पुरात गेले. तरी मी सांगतेय, घरटं खरं आहे. पिल्लं बाहेर पडू द्या, दुसऱ्या दिवशी मीच पोकलेनला नारळ फोडीन." लोक कुरकुरले, पण गप्प बसले.

आज अकरा वाजता पुण्याचे तज्ज्ञ येऊन सर्वांसमक्ष घरटं उघडून पाहणार होते. आता पाहायला काही उरलं नव्हतं.

काठावर गर्दी जमली होती. गर्दीत पुढेच येसूबाई पार्टे उभी होती, माझी शेजारीण, पूरग्रस्त समितीची अध्यक्ष. मागच्याच सभेत ती ओरडली होती, "त्या अंड्यांची पोळी करून घालीन एकेकाला!" माझं डोकं फिरलं. मी होडीतून उतरले आणि सगळ्यांदेखत तिच्याकडे बोट दाखवलं.

"हिला विचारा! हिनेच फोडलीत!"

येसूबाईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. पुरात बाबांचा श्वास थांबला तेव्हा माळ्यावर त्यांच्या उशाशी दोन रात्री माझ्याबरोबर हीच बाई बसली होती. खाली दहा फूट पाणी होतं आणि कुणीही येऊ शकत नव्हतं. ते मला त्या क्षणी आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं, आणि तरी मी हात खाली घेतला नाही.

२

तपासाला आली दीक्षा हाटे, आमच्या भागाची वनपाल. दहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि तास संपल्याची घंटा झाली की हमखास एक प्रश्न विचारायची. अजूनही सवय गेलेली नाही.

"मॅडम, घरट्याची नोंदवही तुमच्याकडे असते ना? ती घ्या आणि माझ्याबरोबर चला," ती म्हणाली.

सरांनी तोवर अर्ज तयारसुद्धा केला होता. चौकशी पूर्ण होईपर्यंत जुट्यावर कसलंही काम होऊ नये, अशी मागणी होती. मला त्यांचं कौतुकच वाटलं. एवढ्या दुःखातही माणूस कर्तव्य विसरला नाही म्हणून.

आधी आम्ही ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे गेलो. ओम नाव, पंचविशीतला, पनवेलचा. बंद पोकलेनच्या सावलीत मोबाइल बघत बसला होता.

"मॅडम, मला काय येड लागलंय?" तो म्हणाला. "आज ते पुण्याचे साहेब आले असते, बघून गेले असते, कायतरी एक निकाल लागला असता. आता केस झाली. केस म्हणजे माझं मशीन इथंच गंजणार. अंडी फुटून माझा फायदा काय, तुम्हीच सांगा."

त्याचं म्हणणं खोडता येईना, म्हणून मला अजूनच राग आला.

येसूबाई दुकानात होती. तिचं किराण्याचं दुकान बाजारपेठेत, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून तशीच. दुकानापुढे दोन पोलीस उभे असल्यामुळे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. ही करणी माझीच होती.

"पोळी करीन बोलले मी, दोनशे मान्सांसमोर बोलले," येसूबाई दीक्षाला म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. "जे खरंच करायचं आसतं ते मानूस सभेत सांगत नाय गो. आनि जुट्यावर जाऊ कशी? होडी मला येत नाय. तीन वर्सं झाली, नदीच्या पान्यात पाय घातला नाय मी."

"माणसं लावता येतात," मी म्हणाले. माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. "सव्वीस पिल्लं मारली गेलीत, येसूबाई. सव्वीस!"

दीक्षा वहीत लिहिता लिहिता थांबली. मग तिने येसूबाईचे आभार मानले आणि मला बाहेर घेऊन आली.

"मॅडम, सव्वीस हा आकडा कुठून आला?"

"सर म्हणाले. सरांच्या अर्जातही आहे."

तिने माझ्या हातातली नोंदवही उघडली. एकोणीस एप्रिलच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: घरटं उघडलेलं नाही. अंड्यांची संख्या माहीत नाही.

"मग सव्वीस," दीक्षाने विचारलं, "मोजली कुणी?"

३

मी उत्तर शोधत वन विभागाच्या कार्यालयापर्यंत गेले. सरांनी अंदाजे आकडा सांगितला असेल. मगर साधारण पंचवीस-तीस अंडी घालते, बोलण्याच्या ओघात सव्वीस म्हणाले असतील. पण अंदाज सांगणारा माणूस पंचवीस म्हणतो किंवा तीस म्हणतो. हे मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

दीक्षाने टेबलावर पांढऱ्या कागदावर टरफलं मांडली होती.

"मोजून बघा. हे सगळे तुकडे जुळवले तर चार अंडी होतात. बाकीची टरफलं कुठे आहेत?"

"कोल्ह्याने नेली असतील."

"कोल्हा अंडं खातो, टरफल टाकून जातो. तुम्हीच शिकवलंत." तिने मोबाइलवर सकाळचा फोटो उघडला. "आता हा बलक बघा. घरटं मार्चच्या अखेरचं, म्हणजे अंडी सात आठवड्यांची. सात आठवड्यांच्या अंड्यात काय असतं, मॅडम?"

सात आठवड्यांच्या मगरीच्या अंड्यात वेटोळं करून बसलेलं पिल्लू असतं. शेपूट, पाय, डोळे, सगळं तयार. फोडलं तर रक्त सांडतं. असा स्वच्छ पिवळा बलक फक्त स्वयंपाकघरातल्या अंड्यातून निघतो. वीस वर्षं जीवशास्त्र शिकवणारी मी सकाळी त्या खड्ड्याशी उभी राहून तो बलक पाहत होते आणि मला दिसली होती फक्त येसूबाई.

"कोंबडीचा," मी म्हणाले.

"हो. म्हणजे जुट्यावर मगरीचं एकही अंडं फुटलेलं नाही. ही टरफलं आधीच वाया गेलेल्या चार अंड्यांची, देखाव्याला टाकलेली. उरलेली अंडी कुठेतरी सुखरूप असणार." तिने एक तुकडा खिडकीकडे धरला. "आणि आता हे."

टरफलावर शिसपेन्सिलीची पुसट फुली होती.

पाच वर्षांपूर्वी आम्ही एका शिबिरात हे शिकलो होतो. मगरीच्या अंड्यात गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं उलटं झालं की तो मरतो. म्हणून अंडी हलवायची असतील तर आधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली करायची, मगच हात लावायचा, आणि नव्या जागी ती फुली वरच राहील अशी ठेवायची.

"काल काढताना केली असेल फुली," मी म्हणाले.

"ही चार अंडी महिन्याभरापूर्वीच नासलीत. आतून वास घ्या. मेलेल्या अंड्यावर काल कुणी फुली कशाला करेल? आणि फुलीवर ही माती बसलीय बघा, लाल. आपल्या जुट्यावर सगळा काळा गाळ आहे. लाल माती नदीच्या वरच्या अंगाला, पोलादपूरकडच्या काठाला." दीक्षाने तुकडा खाली ठेवला. "मॅडम, आधी फुली झाली, मग अंडी जुट्यावर आली. मगरीने ती इथे घातलीच नाहीत. कुणीतरी वरून आणून पुरली."

घरटं नैसर्गिक आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही. खाली माझी सही.

"त्या शिबिराला महाडहून कोण कोण होतं?" तिने विचारलं.

"तिघं. सर, मी आणि महादू होडीवाला."

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

मी भडकणारच होते, पण तिची नजर सरळ होती. "बिरवाडीला, मावसबहिणीच्या मुलीच्या हळदीला. शंभर माणसांनी पाहिलंय." आणि ती पुढे काही बोलायच्या आत मीच घाईने म्हणाले, "महादू. दीक्षा, महादूच असणार. होडी त्याचीच आहे."

सकाळपासून मी दुसऱ्यांदा कुणाचं तरी नाव घेतलं होतं, आणि दोन्ही वेळा पुराव्याशिवाय.

४

महादू काठावर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याची मुलगी सलोनी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली, सुट्टीला घरी आली होती आणि ओट्यावर कपडे वाळत घालत होती.

"काल सांजच्याला होडी कुनी नेली?" महादूने प्रश्न परत म्हणून पाहिला. "कुनी नाय. बांधलेलीच व्हती."

"ठीक आहे," दीक्षा म्हणाली आणि लिहू लागली. "जुट्यावर जायला तुझ्या होडीशिवाय वाट नाही. होडी कुणी नेली नाही. म्हणजे अंडी तूच काढलीस, महादूदादा. सात वर्षांची शिक्षा आहे, माहीत आहे ना?"

महादूच्या हातातली सुई थांबली. ओट्यावरून सलोनी खाली आली.

"बा, सांगून टाक. मी बघितलंय तुला वल्हं घेऊन जाताना."

"गप ऱ्हा."

"तू जेलात जाशील आनि मी कसली नर्स होनार?"

महादूने मान खाली घातली. "ज्यानं माज्या पोरीला कालेजात घातलं, स्वता संगं जाऊन फारम भरला, त्याचं नाव माज्या तोंडून यायाचं नाय. तुमी मला न्या."

नाव घ्यायची गरज उरली नव्हती. सलोनीचा प्रवेश करून द्यायला मुंबईपर्यंत कोण गेलं होतं, हे अख्ख्या महाडला माहीत होतं. मी काठावरच्या दगडावर बसले.

"खोका होता का?" दीक्षाने हळू विचारलं.

"मासळीचा, थर्माकोलचा. मी हात लावला नाय त्याला. मांडीवर घेऊन बसले व्हते. बोलले, महादू, होडी हालवू नको, हळू ने." त्याने डोळे पुसले. "एप्रिलात आनला तवा पन असंच. मला वाटलं कायतरी मोजमाप आसंल. मोठी मानसं, आपन काय इचारायचं?"

"आणि काल खोका कुठे गेला?"

"सवला जातो बोलले. गुडघं शेकायला."

५

सव महाडपासून जवळच. गरम पाण्याची कुंडं आहेत तिथे, सांधे धरलेली माणसं लांबून येतात. सरांची तिथे वाडी आहे, आंब्याची पंधरा झाडं आणि एक पत्र्याची खोली. रोज सकाळी कुंडावर अंघोळ करून ते महाडला यायचे.

खोलीचं दार उघडंच होतं. सर चटईवर बसले होते आणि त्यांच्यासमोर थर्माकोलचा खोका होता. खोक्यात ओलसर वाळू, वाळूत तापमापक, आणि बावीस अंडी. प्रत्येकावर फुली, प्रत्येक फुली वर.

"इथली जमीन रात्रीही कोमट राहते," सर म्हणाले, जणू वर्गात आहेत. "बावीसच्या बावीस जिवंत आहेत. दीक्षा, ती नीट ने."

"सर, का?" मी विचारलं.

"पोलादपूरकडे काठ कापत होते. ही अंडी मशीनखाली गेली असती, म्हणून मी उचलली. खरंच वाचवायला उचलली. गाडीत ठेवली आणि घरी येताना जुट्यापाशी पोकलेन दिसलं." ते खोक्याकडेच बघत होते. "पूर्वी त्या जुट्यावर घरटी असायची, दीप्ती. तू पाहिलीयस. आज नाहीत म्हणून उद्या नसणार का? एकदा जुटा काढला की परत येत नाही."

"पुरात गेलेली माणसंही परत येत नाहीत, सर."

त्यांनी वाळूतला तापमापक उगाच सरळ केला.

"तज्ज्ञांनी घरटं पाहिलं असतं तर लगेच ओळखलं असतं," दीक्षा म्हणाली. "मगरीच्या नखांच्या खुणा नाहीत, घरट्यावर मादीची ये-जा नाही. म्हणून काल संध्याकाळी काढलीत. खोटं घरटं उघडं पडण्यापेक्षा फोडलेलं घरटं बरं."

"कोंबडीची सहा अंडी फोडली. ही फोडायला हात झाला नाही."

तेवढ्यापुरते ते मला माझे सर वाटले. म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायला मला जड गेलं.

"प्रतिज्ञापत्रावर माझी सही का घेतलीत? मंडळाचे अध्यक्ष तुम्ही. घरटं सापडलं तुम्हाला."

त्यांनी खोक्याचं झाकण जवळ ओढलं. मग म्हणाले, "मी लिहिलं असतं तर गाव म्हणालं असतं, म्हाताऱ्याला मगरींचं वेड लागलंय. तू म्हणालीस तर ऐकणार होते. तुझे बाबा... तुझ्यापुढे कुणाला बोलता येणार नव्हतं."

माळ्यावर गेलेला माझा बाप. सरांनी त्याचं मरण शिक्क्यासारखं त्या कागदावर मारलं होतं, आणि तो कागद मी मान उंच करून गावभर दाखवला होता. मी आयुष्यात ज्या माणसावर सगळ्यात जास्त विश्वास टाकला, त्याने माझी नेमकी तीच जागा हेरली जिथे मला दुखतं. सरांविषयी मनात जे काही होतं ते त्या खोलीत संपलं. रडू आलं नाही, फक्त चीड आली, आणि ती अजून गेलेली नाही.

"दीप्ती, तुम्ही दोघी गप्प राहिलात तर..." सर म्हणाले. "माझं जाऊ दे. उद्या खरं घरटं सापडलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. मंडळ संपेल. मगरींचं कोण बघणार?"

हे मात्र खरं होतं. बारा वर्षांचं काम, शेकडो नोंदी, शाळेतली मुलं, सगळं मातीत जाणार होतं. दीक्षाने माझ्याकडे पाहिलं. वही तिच्या हातात उघडीच होती.

"जबाब लिहून घे," मी तिला म्हणाले. "माझाही. मी न बघता सही केली, तेही लिही."

६

तीन दिवसांनी पोकलेन पुन्हा नदीत उतरलं. पावसाला जेमतेम तीन आठवडे होते. त्यात निम्मा जुटासुद्धा निघणार नाही, असं ओम म्हणाला. मधला महिना वाया गेला होता, तो माझ्या सहीने.

पेपरात सरांचं नाव आलं, मंडळाचं आलं. प्रवेशाच्या कामासाठी सुट्टीतही शाळेत जावं लागायचं; तिथे कुणी काही बोललं नाही, स्टाफरूममध्ये मी गेले की विषय बदलायचा एवढंच. महादूची मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या बाई," आणि दुसरीकडे पाहू लागला.

येसूबाईकडे जायला मला आणखी दोन दिवस लागले. ती दुकानात तांदळाची पोती खालच्या फळीवरून माळ्यावर चढवत होती. दरवर्षी पावसाआधी बाजारपेठेत सगळे हेच करतात.

"येसूबाई, मला सरांनी फसवलं," मी म्हणाले. "खोट्या घरट्यावर माझी सही घेतली. मला काहीच माहीत नव्हतं."

"समजलं मला. पेपरात वाचलं." तिने पोतं जमिनीवर टेकवलं आणि दम घेतला. "सरांनी तुला फसवलं ते सरांचं पाप. पन त्या दिवशी काठावर माज्यावर बोट दाखवलंस, ते काय सरांनी नव्हतं सांगितलं गो तुला. ते तुजं तूच केलंस."

पाच दिवस मी विश्वासघात, विश्वासघात करत घरात फेऱ्या घालत होते, आणि या बाईशी मीही तसंच वागले आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

ती वाकली. पोतं जड होतं आणि तिची कंबर पुरानंतर कायमची धरलेली. मी पुढे होऊन पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"ऱ्हाऊ दे," येसूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सून येईल आता. ती लावील हात."